उन्हात ठेवलेले सेल

"ह्याच्यात तुझी ती इंग्रजी गान्यांची कॅसेट लावायचो मी. दुपारचं."

आप्पा एवढंच म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. वहिनीने घर रंगवायला काढलं होतं, म्हणून माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आलेलं. पितळी हंडा, मोडका टेबलफॅन, माझ्या दहावीची शिल्ड, आणि त्या पसाऱ्यात बुडाला गंज चढलेला आमचा जुना टेपरेकॉर्डर. मी तो ओल्या फडक्याने पुसत बसले होते. आप्पांचं बोलणं ऐकलं आणि हात थांबला.

'एकदा लावली होती' असं ते म्हणाले नव्हते. 'लावायचो' म्हणाले होते.

माझा धंदाच संशयाचा आहे. पुण्यात एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. तयार होऊन आलेला माल बरा दिसतोय म्हणून पुढे सोडला, असं मी कधी केलं नाही आणि त्यामुळे कोणाची लाडकी झाले नाही. पण हा गुण मी कारखान्यात शिकलेला नाही. तो मी घरूनच घेऊन गेले. आप्पा शेवगावच्या मार्केट यार्डात मापाडी होते. त्यांनी जन्मभर लोकांचा माल काट्यावर घातला. शेतकरी म्हणायचा पोतं भरलेलं आहे, व्यापारी म्हणायचा ओलं आहे, आणि आप्पा दोघांच्याही तोंडाकडे न बघता काट्याकडे बघायचे. घरी आले तरी ती नजर खाली उतरायची नाही. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे त्या नजरेखालून जायचे.

आणि तरीही, बारावीच्या वर्षी माझ्यावर घरात आळ आला, ती कॅसेट मला कोणा पोराने दिली असं म्हटलं गेलं, तेव्हा हाच माणूस भर पाहुण्यांत म्हणाला होता, "माझ्या पोरीवर माझा इस्वास हाय." त्या एका वाक्यावर मी शिकले. नगरच्या होस्टेलवर, पुढे पुण्यात, नोकरीत, जिथे जिथे लोकांनी मला वरून खाली न्याहाळलं, तिथे मी मनात ते वाक्य धरून उभी राहिले. जगात एक माणूस असा आहे की ज्याने मला न तपासता पास केलं, असं मला वाटायचं.

आणि आता तो माणूस सांगत होता, की माझ्या माघारी तो ती कॅसेट लावून बसायचा. कशासाठी? त्यात पोराचा आवाज सापडतो का बघायला?

मी फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागले. आप्पांना काही विचारलं नाही. आधी माझं मला आठवून बघायचं होतं.

ती कॅसेट मी नगरला घेतली. वक्तृत्व स्पर्धेला गेलो होतो, दुसरा नंबर आला होता, आणि आमच्या बाई एसटी स्टँडवर गाडीची चौकशी करत होत्या तेवढ्यात मी समोरच्या कॅसेटच्या दुकानात शिरले. उदबत्ती आणि कोरं प्लास्टिक यांचा मिळून एक वास त्या दुकानात होता. असा वास आता कुठेच येत नाही, कारण अशी दुकानंच राहिली नाहीत. भक्तिगीतं आणि लग्नाच्या बँडची गाणी यांच्या मध्ये एक काळी कॅसेट आडवी पडलेली. वर चित्र: उंच पाण्याच्या टाकीवर एक माणूस पाय सोडून बसलाय, आणि खाली शहरभर दिवे. मी ती उचलली तर दुकानदार म्हणाला, "ती चुकून आलीया मालात. परत पाठवायचीय. तुला काय कळनार बाळ त्यातलं?"

त्याने तसं म्हटलं नसतं तर मी ती ठेवून दिली असती. बक्षिसाचे पैसे पाकिटातून बाहेर काढले आणि घेतली. एवढीच त्या कॅसेटची कुळकथा. त्यात पोरगा असलाच तर तो टाकीवर बसलेला एकटाच.

पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं, फसवलं. टेप खराब असणार. गाणं सुरू झालं असं वाटेपर्यंत ते भलतीकडेच वळायचं. गिटार घरघरत एकीकडे, सिंथेसायझर धावत दुसरीकडे, ढोल तिसरीकडेच. आमच्या घरात कॅसेट होत्या त्या सगळ्या जयंतीच्या गाण्यांच्या. ढोलकी कशी, कुठेही भटकून आली तरी बरोबर ठेक्यावर घरी येते आणि आपली मान हलते. इथे जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा दर वेळी पाय आपटायचा. दुकानदार मनात हसत असेल असं वाटून मला रडू आलं होतं.

पण संशयी माणसाचं एक असतं, त्याला सोडून देता येत नाही. मी बोटांवर मोजायला बसले. एक, दोन, तीन, चार, आणि पुढे आठ यायला हवेत तिथे सातच. पुन्हा मोजलं, सातच. पुढच्या ओळीत पाच. म्हणजे चुकत नव्हते, मुद्दाम करत होते! ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी त्या अल्बमच्या प्रेमात पडले. दुसरा शब्द नाही. गिटार आणि सिंथेसायझर आपापल्या वाटेने लांब लांब जायचे, आता हे काही पुन्हा भेटत नाहीत असं वाटायचं, आणि कुठल्याशा वळणावर दोघं एकाच सुरावर येऊन उभे राहायचे. माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे आयुष्यात बरंच काही ऐकलं, मोठ्या मैदानांवर जाऊन ऐकलं, तसा काटा मात्र फारसा आला नाही.

आमची वेळ ठरलेली होती. दिवसभराचं लोडशेडिंग, वीज यायची ती दिवेलागणीला. कॉलेजातून घरी आल्यापासून वीज येईपर्यंतचा तो तास माझा. आई भाकरी टाकत असायची, चुलीचा धूर आणि बाजरीचा खरपूस वास खिडकीतून आत. यार्डाकडून कापसाचे टेम्पो जायचे आणि त्यांच्या मागे कापसाचे पुंजके रस्त्याच्या कडेच्या बाभळींना अडकून राहायचे. कंदिलाची काच पुसून ठेवलेली. अशा वेळी मी आतल्या खोलीत टेप मांडीवर घेऊन, आवाज अगदी बारीक करून, कान जाळीला लावून बसायची. मग एकदम सगळी गल्ली ओरडायची, "आली रे!", गिरणी घरघरायला लागायची, घरातले सगळे दिव्याखाली आतल्या खोलीत जमायचे आणि माझा तास संपायचा. वीज आल्याचं दुःख झालेली मुलगी सबंध तालुक्यात मी एकटीच असणार.

वीज नाही म्हणजे टेप सेलवर. आणि सेल म्हणजे जिवापाड जपायची वस्तू. उतरले की ते दाताने चावायचे आणि उन्हात ठेवायचे. त्याने सेलमध्ये पुन्हा जीव येतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं, आणि खरंच थोडा यायचा. कॉलेजला जाताना मी सेल मोरीच्या पत्र्यावर ओळीने मांडून जायची. दुपारभर ते तापायचे. संध्याकाळी काढताना चटका बसायचा आणि बोटांना त्या गरम पत्र्याचा वास राहायचा.

दिवाळीनंतर सेल लवकर उतरायला लागले. आधी मी थंडीला दोष दिला, मग दुकानदाराला. पण मग बारीकसारीक दिसायला लागलं. मी कॅसेट पहिली बाजू संपवून तशीच ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापासून गुंडाळलेली. टेपवर गुंडाळली तर सेल जळतात, म्हणून कोणीतरी पेन्सिल घालून हाताने गुंडाळत होतं. माझ्या कंपासमधली पेन्सिल कधी टेपच्या मागे सापडायची. आणि एके दिवशी पत्र्यावरून सेल काढले तर एकावर दातांच्या खुणा. खुणा असायच्याच, पण ह्या माझ्या नव्हत्या. मोठ्या होत्या.

माझ्या माघारी कोणीतरी माझी गाणी ऐकत होतं.

मी दादावर संशय घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा नुकताच टेम्पोवर जायला लागलेला, आणि गल्लीत कोणाच्या बहिणीचं काय चाललंय याची त्याला फार काळजी. माझ्या कॅसेटवर त्याची नजर होतीच. दुसऱ्या बाजूची सुरुवात गाण्याने होत नाही. एक माणूस घोगऱ्या आवाजात इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो, मग सावकाश गिटार येते. आतल्या कागदावर ते सगळं छापलेलं होतं: शहर सोडून निघालेल्या माणसाचं बोलणं आहे ते. पण दादाने ते एकदा दाराआडून ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. कॉलेजातल्या कोणा पोराने स्वतःच्या आवाजात निरोप भरून दिलाय! नाहीतर पोरीची जात असलं गाणं ऐकते होय?

हे शेवटचंच सगळ्यांना पटलं. मी चोरून ऐकते याचं कोणाला काही नव्हतं. मला ते आवडतं यावर विश्वास बसत नव्हता. आवडायचं तर मागे कोणीतरी हवा. आमची शेजारीण काकू माझ्या गालाला हात लावून प्रेमाने म्हणाली होती, "खरं सांग ना गं, कोनी दिली?" मी म्हटलं, मीच घेतली. ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई." त्या 'बरं बाई'ने मला जेवढं लागलं तेवढं दादाच्या आरड्याओरड्याने लागलं नाही. ती कॅसेट माझी होती. जगात माझी अशी ती एकच वस्तू होती, आणि तीसुद्धा लोक उचलून कोणा न पाहिलेल्या पोराच्या हातात देत होते.

संक्रांतीनंतर राहात्याचे मामा आले. एका स्थळाची कुणकुण घेऊन आले होते. जेवणं झाली, आणि दादाने पाहुण्यांसमोर विषय काढला. "हिला नगरला शिकाया धाडायच्या आधी इचारा, कॅसेटवाला कोन हाय." मामांनी पान खाता खाता सांगितलं, की दाजी, वारं लागायच्या आत उरकून टाका. मी आतल्या खोलीत दाराला धरून उभी. दादा उठून कॅसेट आणायला आत येणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले,

"बस खाली. कॅसेट तिची तिनं घेतलीया. माझ्या पोरीवर माझा इस्वास हाय. नगरला जानार ती."

एवढंच. आवाज चढवला नाही. मापाड्याने वजन पुकारलं की त्यावर घासाघीस होत नाही, तसं ते झालं. मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.

सेल मात्र त्यानंतरही उतरत राहिले, थेट परीक्षेपर्यंत. मी दादाशी वर्षभर धड बोलले नाही. आज तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रंगाचे डबे ढवळत उभा होता, पोट सुटलेला, दोन पोरींचा बाप, आणि पोरींच्या शिकवणीला स्वतः गाडीवर सोडणारा. त्याच्या दातांकडे बघायची मला लाज वाटली.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, तिच्यावाचून हे सगळं अर्धं आहे. त्या अल्बममधलं शेवटचं गाणं. ते इतकं लांब होतं की ते चालू असताना आईच्या भाकरींची अख्खी चळत व्हायची. आणि त्या गाण्याच्या शेवटाकडे एक जागा होती. तिथे सगळं हळूहळू संथ व्हायचं. पळणारे ढोल चालायला लागायचे, मग पाय ओढायला लागायचे. गाणाऱ्याचा चिरका आवाज खाली खाली उतरत जाड व्हायचा, एखादा थकलेला माणूस दाराशी येऊन बोलावा इतका. गिटारचा एकेक सूर लांबत लांबत जायचा आणि मला वाटायचं, हा माणूस टाकीवरून खाली उतरतोय. शहर सोडून जायचं म्हणतोय आणि पाय निघत नाही. मी नगरला जायचं पक्कं झालं त्या दिवसांत त्या जागेला मी रोज रडले. मला घरातून निघायचं होतं आणि निघवत नव्हतं, आणि हे सातासमुद्रापलीकडच्या कोणा लांब केसवाल्यांना कसं कळलं, याचं नवल वाटत राहायचं.

सेल उतरले की टेप रडतो, आवाज ओढतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जयंतीचं गाणं रडायला लागलं की आम्ही हसत सुटायचो. पण ते गाणं मुळात कसं आहे ते आम्हाला ठाऊक होतं. हे मुळात कसं आहे ते कोणाला ठाऊक? जिथे सातावर पाय आपटतात, तिथे शेवटी संथ का होणार नाहीत? सुरुवातीचे काही महिने ती जागा मला ऐकू आली नव्हती, त्याचंही कारण मी शोधून ठेवलं होतं. माझे कान तयार झाले नव्हते. असला अल्बम एकदम हाती लागत नाही, थोडा थोडा उलगडतो, अशी माझी समजूत. माझ्यासारख्या माणसाने असं मानावं! पण जिथे जीव जडतो तिथे संशय आंधळा होतो, आणि मग शोधत बसतो भलतीकडेच.

पुढे पुण्यात होस्टेलवर एका मुलीकडे त्याच अल्बमची सीडी निघाली. मी आनंदाने तिच्या गळ्यात पडले. शेवटचं गाणं लागलं, मी डोळे मिटून ती जागा यायची वाट बघत बसले, आणि गाणं पळत पळत आलं आणि संपलं. "सीडी डुप्लिकेट आहे," मी म्हटलं. ती रागावली. मग मी दुसरी ऐकली, तिसरी ऐकली. कॅसेट लावून दाखवावी तर ती नगरच्या होस्टेलच्या खादाड टेपने लावल्या लावल्याच गिळली होती. फीत तुटली, चुरगळली, जोडता येईना. आता फोनवर तो अल्बम 'नव्याने झळाळी देऊन' मिळतो. त्यातही ती जागा नाही. इंटरनेटवर त्या अल्बमच्या वेड्यांचा एक घोळका आहे, तिथे मी एकदा ठासून लिहिलं, की भारतात आलेल्या कॅसेटमध्ये शेवट वेगळा होता, संथ होता, आणि कंपनीने तो नंतर गुपचूप काढून टाकलाय. दोघातिघांनी ते खरं मानलं. एक जण अजून ती कॅसेट शोधतोय.

टेप पुसून झाला. मागचं झाकण उघडलं तर आत सेल फुटून पांढरा खार साचलेला. वहिनी चहा घेऊन आली, म्हणाली, "टाकून द्यायचा ना वो ताई? भंगारवाला येनार हाय." मी म्हटलं, थांब जरा. आणि आप्पांच्या बाजेवर जाऊन बसले.

आप्पांना आता कमी ऐकू येतं. जवळ जाऊन बोलावं लागतं.

"आप्पा, माझी कॅसेट तुम्ही कधीपासून लावायचात?"

"दिवाळीपासनं. तुझा भाऊ मागं लागला हुता, आप्पा त्यात पोराचा आवाज हाय म्हनून. दुपारी जेवायला यायचो, तू कालिजात. तुझी आई म्हनायची, राहू द्या, पोरीची चीज हाय. म्या म्हनलं, ऐकून तर बघू."

म्हणजे आईला माहीत होतं. आई आता नाही. चार-पाच महिने रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीमागे भाकऱ्या थापत होती आणि सेल का उतरतात हे तिला ठाऊक होतं.

"आणि सेल?"

"सेल पत्र्यावर असायचे न्हवं, मस्त तापलेले. घालायचो, ऐकायचो, परत हुते तसे मांडून ठेवायचो." मग जरा हसून, "एखादा चावायचो बी."

विचारायचं होतं ते वेगळंच, पण विचारलं मात्र भलतं. "शेवटचं गाणं आठवतं का? ते लांबलचक? शेवटी संथ होतं ते?"

"संथ?" आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "संथ कुठं? शेवटापतूर पळत्यातच ती मानसं. दम लागायचा मला ऐकून."

तापलेले सेल आधी आप्पांनी घातले होते. उरलेसुरले मी. दुपारी त्यांनी ते गाणं पूर्ण वेगात ऐकलं आणि संध्याकाळी माझ्या मांडीवर ते दमून आलं. त्या दिवसांत सबंध शेवगावात तो अल्बम जसा आहे तसा ऐकणारा माणूस म्हणजे मार्केट यार्डातला एक मापाडी. आणि ज्या जागेसाठी मी अर्धं आयुष्य लोकांशी भांडले, ती कुठल्या कंपनीने काढली नव्हती आणि कुठल्या वादकाने वाजवली नव्हती. ती माझ्या बापाने रोज दुपारी बसून तयार केली होती, माझ्यावर पाळत ठेवता ठेवता.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. खरा राग.

"आप्पा, मामांपुढं तुम्ही म्हणालात, पोरीवर विश्वास आहे. विश्वास होता तर ऐकत कशाला होतात?"

दादाने डबे ढवळायचं थांबवलं. वहिनी कपबशा गोळा करत होती ती तशीच उभी राहिली. आप्पांनी माझ्याकडे तशीच जुनी, काट्याकडे बघतात ती नजर लावली, आणि मला क्षणभर पुन्हा दाराला धरून उभं असल्यासारखं झालं.

"पयल्या दिवशी न्हवता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. इस्वास न्हवता म्हनून तर लावली. नुस्तं माझी पोर म्हनून चार लोकांत बोललो असतो, तर त्येला काय अर्थ? उद्या कोन म्हनलं असतं, बाप हाय, झाकनारच. म्या ऐकली. दोनी बाजूंनी ऐकली. तो पुटपुटनारा बी ऐकला. काय कळलं न्हाई."

"मग कशावरून म्हणालात, मीच घेतली?"

आप्पांनी हात पुढे केला आणि बाजेच्या लाकडावर बोटांनी वाजवायला लागले. बोटं आता वाकडी झालीत. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात. आणि पुन्हा पहिल्यापासून. मध्ये एकदाही अडखळले नाहीत.

"जेवताना ताटावर वाजवायचीस हे. तुझी आई वरडायची, लक्ष्मी जाती म्हनून. कपडे भिजवताना बादलीवर वाजवायचीस. म्या म्हनायचो, ह्या पोरीचा ठेका चुकतोय, हिला काय व्हायचं हाय. मग एक दिस दुपारी कॅसेटीत तेच आलं. हुबेहूब. तवा कळलं. कोनी दिल्याली चीज मानूस जपून ठेवतो बाई. हाताला येऊस्तवर ऐकत न्हाई. हाताला येतं ते आपलंच असतं."

दादा पलीकडून पुटपुटला, "म्या तवा ल्हान हुतो, आप्पा." कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

न तपासता पास केलेली मुलगी म्हणून मी इतकी वर्षं मिरवत होते, ते गेलं. त्याच्या जागी काय आलंय ते अजून हाताला लागत नव्हतं. पण मी जात्याच संशयी. एक धागा राहिला होता तो ओढल्यावाचून राहवेना.

"खात्री झाली होती ना? मग त्यानंतर का लावत राहिलात? मामा गेल्यावरही माझे सेल उतरत होते. परीक्षेपर्यंत."

आप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि ते गालात धरून बराच वेळ अंगणातल्या पसाऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारायला वाकले.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. "गानं काय मला आवाडलं न्हाई. आज बी न्हाई आवाडायचं. पर त्यात पोरगा न्हवता बाई, तूच हुतीस सगळी. आन तू जानार हुतीस."